काँडोर रानात मरतात ते कशाने?
पिंजऱ्यात वाढलेला पक्षी रानात टिकत नाही, असे म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया काँडोर या गिधाडाचे जगात केवळ २७ पक्षी उरले होते आणि ते सगळे सॅन डिएगो व लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयांकडे होते. मादी एरवी एकच अंडे घालते. ते उचलून कृत्रिमरीत्या उबवले की ती बहुधा दुसरे घालते, आणि पिल्लाला माणसाची सवय लागू नये म्हणून त्याला काँडोरच्या डोक्यासारख्या हातबाहुलीने भरवले जाई. १९९२ पासून पक्षी रानात सोडले जाऊ लागले.

तिथे त्यांच्या जिवावर उठते ते मुख्यतः शिसे, पिंजऱ्यातले संगोपन नव्हे. शिकाऱ्यांच्या गोळ्यांचे कण मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जातात, आणि अशा विषबाधित पक्ष्यांवर लॉस एंजेलिसच्या त्याच प्राणिसंग्रहालयात आजही उपचार होतात.