घरी परतलेल्या मुलाची गोष्ट मराठी मालिकेत मावेल का?

कृष्णाकाठ (सांगली)

जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला, पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारा आणि तसाच जगणारा एक पारलिंगी पुरुष सात-आठ वर्षांनी सांगलीतल्या आपल्या घरी परत येतो, अशा कथेवर मराठी वाहिनीने संध्याकाळच्या वेळेत मालिका करावी, असे माझे ठाम मत आहे. विरोधी मतेही मोकळेपणाने मांडली जावीत, म्हणून हा धागा काढत आहे.

२०२३ मध्ये रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेली ‘ताली’ ही वेब मालिका आली, ती पारलिंगी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या आयुष्यावर होती. म्हणजे पारलिंगी स्त्रीची गोष्ट पडद्यावर थोडीफार तरी पोहोचली आहे. पारलिंगी पुरुष मात्र जवळपास दिसतच नाही. तृतीयपंथी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गुरू-चेल्यांची परंपरा येते. पारलिंगी पुरुषाला घर सुटल्यावर सामावून घेणारी अशी जुनी परंपरा नाही, त्यामुळे तुटलेले घर हाच त्याच्या कथेचा गाभा ठरतो.

आणि ही कथा मराठीतच सर्वांत खोल उतरेल, कारण आपले क्रियापदच लिंग सांगते. दार उघडणाऱ्या आईला पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते, ‘कधी आलास’ म्हणायचे की ‘कधी आलीस’. ज्या आईला ठरवता येत नाही, ती कदाचित आठवडाभर केवळ ‘ये’, ‘बस’, ‘पाणी घे’, ‘झोप आता’ एवढेच बोलेल, कारण आज्ञार्थात लिंग उघड होत नाही. एवढ्या एका गोष्टीवर दहा भाग उभे राहतील.

हरिपूर रस्ता

भाषेचा मुद्दा मला मनापासून पटला, तरीही मालिकेला माझा विरोध आहे. रोज एक भाग आणि शेकडो भागांची मजल, या चरकातून ही कथा गेली की आज्ञार्थात बोलणारी आई तिसऱ्या आठवड्यात बाजूला पडेल आणि वडिलांना झटका, शस्त्रक्रियेचे गुपित, कागदपत्रे चोरणारी काकू यांवर गाडी चालू लागेल. शिवाय कुटुंबाला खलनायक केल्याशिवाय आपल्या मालिका चालत नाहीत. ज्या आईवडिलांनी एका नावाने लेकराला हाक मारली आणि ते नाव एके दिवशी त्यांच्याकडून काढून घेतले गेले, त्यांचे दुःख खोटे नसते.

ज्या सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभे केले, त्या गावाने या विषयावर दोन अंकी नाटक करावे. ते संयमाने होईल.

पलूसकर

मी दोन्हींच्या विरोधात आहे. बालगंधर्वांचे नागठाणे आमच्याच तालुक्यातले, म्हणून कोणी म्हणेल की पुरुषाला शालू नेसलेला पाहून आपण टाळ्या वाजवल्या, तर हेही आपल्याला पचेल. पण तेथे आपण वेषाला टाळ्या दिल्या, पडदा पडल्यावर कलावंत पुरुषच होता. घरी परतलेला हा मुलगा सोंग उतरवणार नाही, आणि धाकट्या बहिणीचे लग्न ठरायचे असलेल्या घराला गावात काय ऐकावे लागते, हे शहरात बसून कळत नाही. रोज दाखवून हा प्रश्न सुटणार नाही, उलट घरोघरी संशय वाढेल.

कृष्णाकाठ (सांगली)

पलूसकर, सोंग आणि स्वत्व यांतला फरक आपण नेमका सांगितलात, आणि माझ्या मते मालिका हवी ती तो फरक दाखवण्यासाठीच. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पुढे २०१९ च्या कायद्याने पारलिंगी व्यक्तीला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे हा सहा महिने ते दोन वर्षे कैदेचा गुन्हा ठरवला. हे किती घरांना ठाऊक आहे? अर्थात कायद्याने दार उघडे राहील, हाक कशी मारावी हे कायदा शिकवणार नाही. बहिणीच्या लग्नाची भीती खरी आहे, ती मालिकेत आलीच पाहिजे, आणि त्या बहिणीला स्वतःचे मतही असले पाहिजे.

मिरजेची आई

मी आजवर या विषयावर कोठे लिहिले नव्हते. माझा मुलगा पारलिंगी आहे.

आपल्या बाजूच्या कितीतरी बायका स्वतःच ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. मीही म्हणते. त्यामुळे तो लहानपणी ‘मी खेळायला जातो’ म्हणायचा, तेव्हा माझ्या कानाला काही वेगळे लागलेच नाही. तो मला सांगत होता आणि मला ते आमच्या बोलीतले वाटत होते.

नंतर तो पुण्याला गेला आणि चार वर्षे बोलणे बंद होते. एकदा फोन आला, पलीकडून पुरुषी आवाजात ‘आई’ ऐकू आले आणि मी ‘चुकीचा नंबर’ म्हणून फोन ठेवला. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या औषधाने आवाज फुटतो आणि औषध थांबवले तरी तो पूर्वीसारखा होत नाही, हे मला त्यानंतर डॉक्टरांनी समजावले. ते अगोदर कोठे पाहिले असते, तर मी फोन ठेवला नसता.

हरिपूर रस्ता यांचे नाटक चांगलेच होईल, पण माझ्या जावेने आयुष्यात नाटकाचे तिकीट काढलेले नाही. संध्याकाळची मालिका ती चुकवत नाही.

हरिपूर रस्ता

ताई, आपल्या शेवटच्या दोन वाक्यांना माझ्याकडे उत्तर नाही. तरी दोन अटी सोडत नाही. मालिका साठ-सत्तर भागांत संपावी, आणि मुलाचे काम पारलिंगी पुरुषानेच करावे. ‘ताली’त सुश्मिता सेन यांनी जीव ओतून काम केले, पण त्या भूमिकेवर ज्यांचा पहिला हक्क होता त्या बाहेरच राहिल्या.

पलूसकर

माझे मत बदललेले नाही. पण ताई, विचारू का, तो घरी आला त्या दिवशी आपण पहिल्यांदा काय म्हणालात?

मिरजेची आई

‘जेवणार का?’ एवढेच. त्यातही लिंग नसते, हे आज कृष्णाकाठ यांचे वाचून लक्षात आले. ‘जेवलास का’ म्हणायला मला त्यानंतर अकरा दिवस लागले.