अनुभव धागा: तुमच्याकडे ‘लाईन’ कशाला म्हणतात?

इंग्रजीतून आलेल्या शब्दांत ‘लाईन’एवढे धंदे करणारा दुसरा शब्द मला तरी सापडलेला नाही. सोलापुरात तर दर पेठेला त्याचा अर्थ बदलतो. तुमच्या कामात, घरात, गल्लीत लाईन म्हणजे काय, ते लिहा. शब्दकोशातलं नको, तोंडातलं हवं. लाईन मारल्याचे किस्सेही चालतील, पण दोघांचीही लग्नं झाली असतील तर जरा जपून.

रेल्वेतून निवृत्त

आम्ही राहायला रेल्वे लाईन्समध्ये. बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारायचे, ‘रुळाला लागूनच का हो घर?’ छावणीतल्या बराकींच्या ओळींना ‘लाईन्स’ म्हणायची साहेबाची रीत होती, तीच पुढे वस्त्यांच्या नावाला चिकटली. पोलीस लाईन, सिव्हिल लाईन्स त्यातलेच.

कामावर मात्र ‘लाईन क्लिअर’ हा सगळ्यात मोठा शब्द. पुढच्या स्टेशनच्या मास्तरनं लाईन क्लिअर दिली नाही तर गाडी सोडायची नाही, मग आत मंत्री बसलेला असो. एकेरी मार्गावर यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा. तो चामडी पाकिटात, पाकीट वेताच्या मोठ्या कड्याला, आणि ते कडं ड्रायव्हरच्या हातात. गोळा हाच परवाना. गार्डाची ‘लाईन बॉक्स’ ही आणखी वेगळी: लोखंडी पेटी, आत झेंड्या, दिवा आणि धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके. पेटी उचलताना हमालाचा खांदा निघायचा.

मागून येणाऱ्या गाडीला पुढं जाऊ द्यायला आपली गाडी बाजूला उभी करतात ती लूप लाईन. ऑफिसात एखाद्याला बिनकामाच्या टेबलावर बसवलं की ‘त्याला लूपला टाकला’ म्हणायचे. मीही काही काळ लूपला होतो. तपशील नको.

खासगी दवाखान्यात सिस्टर

आमच्याकडे धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडचे पेशंट येतात. परवा रात्री एका आजोबांनी हात दुमडून झोप काढली आणि सलाईन थांबलं. मी त्यांच्या सुनेला म्हटलं, ‘लाईन बंद पडलीय, नवी टाकायला लागेल.’ ती वर बघून म्हणते, ‘पंखा तर फिरालाय की ओ सिस्टर!’ सोलापुरात लाईन म्हणजे आधी वीज, बाकी सगळं नंतर. आजोबांची शीर काही लवकर सापडेना. शेवटी मनगटाच्या वर मिळाली, चिकटपट्टीवर तारीख टाकली, तरी सूनबाईंचं लक्ष पंख्याकडेच.

युनिफॉर्मचा धंदा

आमच्यात ‘लायनिंग’ नावाचं प्रकरण आहे. मराठीत लायनिंगचा शर्ट म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. इंग्रजीत लायनिंग म्हणजे अस्तर, पट्ट्यांना ते स्ट्राइप्स म्हणतात. सोलापूरचे शाळेचे गणवेश देशभर जातात, त्यामुळे फोनवर कोण कुठल्या लायनिंगबद्दल बोलतोय हे कळायला मार्ग नसतो. मागं दक्षिणेतून एक ऑर्डर आली, ‘ब्लेझर, नेव्ही ब्लू, विथ लायनिंग’. आमचा कटिंग मास्टर कात्री खाली ठेवून म्हणाला, ‘शेठ, आधी फोटो मागवा.’ त्यांना अस्तर हवं होतं. तेव्हापासून ऑर्डरीच्या वहीत आम्ही ‘पट्टे’ आणि ‘अस्तर’ एवढंच लिहितो.

इंग्रजी शिकवते

वरच्या लायनिंगवरून सांगते. लॅटिनमध्ये ‘लीनुम’ म्हणजे जवस. जवसाच्या ताटापासून काढलेला धागा ‘लीनेआ’, त्यातून लाईन. लिनन त्याच घरातलं. कपड्याला आतून लिनन लावायचे म्हणून ते लायनिंग. म्हणजे मुळात हा शब्द सुताचा, आणि सुतगिरण्यांच्या या गावात त्याला वीज, पाणी नि सलाईन वाहायला लावलंय आपण!

‘डेडलाईन’ मात्र खरीच जीवघेणी. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा. आमच्या मुलांना हे सांगितल्यावरही असाइनमेंट उशिराच येतात.

यंत्रमाग, पूर्व भाग

मॅडम, सुताचंच बोललात म्हणून लिहितो. ताण्यातला एक धागा तुटला आणि मागवाल्याच्या लक्षात आलं नाही तर टॉवेलात उभी रेघ जाते. ‘माल लाईनीचा आहे’ म्हणजे तो सेकंडात, दुय्यम मालात गेला. चांगल्या मालाला लाईन नसते.

बांधकाम

आमच्याकडे ‘लाईनदोरी’. विटेचा थर सरळ जावा म्हणून दोन टोकांना ताणून बांधायची. अर्धा शब्द इंग्रजी, अर्धा मराठी, आणि दोन्हींचा अर्थ दोरीच! पाया खणायच्या आधी फक्कीनं जमिनीवर घराचा नकाशा मारतो ते ‘लाईन आऊट’. त्या वेळी मालकीण हमखास येते आणि म्हणते, स्वयंपाकघर एवढंच? फक्कीत आखलेली खोली नेहमी लहान दिसते, भिंती उठल्या की मोठी वाटते. हे सांगून सांगून घसा बसतो.

नवी पेठ

आमच्या कॉलेजच्या दिवसांत ‘ती लाईन देतीय बे’ असं मित्रांनी सांगितलं की त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. एवढंच लिहितो, घरचे वाचतात.

शेंगा चटणीची एजन्सी

आमचा सेल्समन ‘लाईनीवर’ असतो. सोमवारी मोहोळ लाईन, मंगळवारी अक्कलकोट, मग मंगळवेढा. लाईन म्हणजे त्या दिवशी करायची दुकानं, उधारीच्या वहीसकट. पेपरवाल्यांचंही तसंच. त्यांची घरं ठरलेली असतात आणि धंदा सोडताना ती ‘लाईन’ दुसऱ्याला विकतात. सायकल वेगळी, लाईन वेगळी. भावही घरांच्या संख्येवर, आणि लिफ्ट नसलेल्या इमारती किती आहेत त्यावर.