पाइपलाइनीत हिस्सा मिळाला, पण नदीचं काय?

वैनगंगा
परवा कॅल्गरीकर यांनी लिहिलं, "कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या आदिवासींनी तेल कंपन्यांशी भागीदारी केली. आता तेलही स्वच्छ निघतंय आणि पैसाही घरात येतोय. आपल्याकडे मात्र नुसते मोर्चे." तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

भागीदारी खरीच आहे. २०१७ मध्ये फोर्ट मकाय आणि मिकिसू क्री या तिथल्या दोन आदिवासी समाजांनी सनकोर या तेल कंपनीच्या तेलटाक्यांच्या प्रकल्पात ४९ टक्के हिस्सा घेतला, सुमारे ५० कोटी कॅनेडियन डॉलर मोजून. २०२२ मध्ये २३ फर्स्ट नेशन्स (मूळ आदिवासी) आणि मेटी (मिश्रवंशीय आदिवासी) समुदायांनी एनब्रिज कंपनीच्या सात पाइपलाइनींत ११.५७ टक्के घेतले, १.१२ अब्ज डॉलरला. पण हिस्सा कशात? टाक्यांत आणि नळांत. खाणीतल्या वाळूतून तेल धुऊन काढल्यावर उरलेलं दूषित पाणी आणि गाळ ज्या तळ्यांत साठवतात त्यांचं काय करायचं, हे ठरवताना यांना कोण विचारतं?

इम्पीरियल कंपनीच्या कर्ल खाणीत मे २०२२ मध्ये रंग बदललेलं पाणी दिसलं. ते तळ्यातून झिरपतंय हे खालच्या अंगाच्या लोकांना कळलं फेब्रुवारी २०२३ मध्ये, तेही आणखी ५३ लाख लिटर पाणी वाहून गेल्यावर. तोवर ती माणसं त्याच भागात शिकार आणि मासेमारी करत होती. त्यांत मिकिसू क्रीही होते, म्हणजे वरच्या व्यवहारातले भागीदार. कंपनी वेगळी असेल, नदी एकच आहे, अथाबास्का.

कॅल्गरीकर
मी त्या भागात नोकरी केली आहे. तळ्यांवर पक्षी उतरू नयेत म्हणून प्रोपेनच्या तोफा लावतात. थंडीत वारा आपल्या बाजूला असला की कँपच्या खोलीत पडल्यापडल्या ते ठो ठो ऐकू येतं. तेव्हा तळी काय असतात हे मला सांगू नका.

तुम्ही फक्त खाणींबद्दल बोलताय. तिथलं बहुतेक तेल खोल आहे, ते वाफ सोडून विहिरीतूनच काढावं लागतं, आणि त्याला तळी लागत नाहीत. वाफेत सॉल्व्हंट (तेल पातळ करणारं द्रावक) मिसळलं की वाफ करायला गॅस कमी जळतो. अल्बर्टातल्याच कोल्ड लेकला इम्पीरियलने २०२४ पासून हे सुरू केलंय. दर पिंपामागचं उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत कमी होईल असं कंपनी म्हणते.

आणि फोर्ट मकायच्या लोकांनी तेलाकडे हौसेने धाव घेतली नाही. सापळे लावून फर विकणं हा त्यांचा धंदा. युरोपात फरविरोधी मोहीम झाली, भाव पडला, घरं बसली. तेव्हा पर्यावरणवाले त्यांना विचारायला गेले होते का? माझ्या बरोबरचा सुपरवायझर तिथलाच, क्री. तो म्हणायचा, आजोबांनी सरकारी चेकवर दिवस काढले, मी स्वतःच्या पगारावर काढतोय.

उरणचा
११.५७ टक्के वाचून साडेबारा टक्के आठवले. नवी मुंबईसाठी आमच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर शिक्के पडले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं ठरलं. त्यातूनही सामाजिक सुविधांच्या नावाखाली कापून हातात उरले पावणेनऊ. माझ्या वडिलांची फाईल ज्या टेबलावर जायची त्याच टेबलावर परत यायची. शेवटी एजंटाने अर्ध्या भावात कागद घेतला. बॉम्बे हायचं तेल आणि गॅस आमच्या उरणला उतरतो, आणि पोरं तिथे कंत्राटी गेटमन.

स्पष्टवक्ता
साडेबारावाल्यांनी भूखंड बिल्डरला विकून बंगले बांधले, लग्नांत उधळले. आता कसली रडगाणी? कोयनेच्या विस्थापितांना विचारा, त्यांना तेवढंही मिळालं नाही.

उरणचा
बंगले कोणी बांधले ते दाखवायला या माझ्या गावात. दोन घरांकडे बोट दाखवून अख्खी आळी मोजू नका. जमीन आमची, आणि ती विकली की उधळे आम्ही? शहरात फ्लॅट विकून नफा कमावणाऱ्याला गुंतवणूकदार म्हणता ना? कोयनेवाल्यांबद्दल आम्हालाही वाईट वाटतं, पण त्यांना आमच्या अंगावर सोडू नका.

स्पष्टवक्ता
बरं, सरसकट बोलायला नको होतं. पण पैसा हातात आला की समाज बदलतो, हे तुम्हीही नाकारू नका.

कॅल्गरीकर
धागा अल्बर्टाचा होता! उरणकरांचं दुःख खरं, पण दोन्ही गोष्टी एक नाहीत. तिथे हिस्सा विकत घेतलाय, प्रांताने २५ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली. दरवर्षी लाभांश येतो.

उरणचा
म्हणजे स्वतःच्या भूमीवरच्या नळात हिस्सा घ्यायला त्यांना कर्ज काढावं लागलं. फेडणार कशातून? तेल वाहत राहिलं तरच ना? मग उद्या तेच लोक तेल बंद करा म्हणतील कसे?

वैनगंगा
नेमकं हेच म्हणायचं होतं. तरी फोर्ट मकायने एकदा नाही म्हणून दाखवलं. मूस लेकजवळ प्रॉस्पर पेट्रोलियमच्या तेलप्रकल्पाला प्रांताच्या ऊर्जा नियामकाने मंजुरी दिली होती. हे कोर्टात गेले आणि २०२० मध्ये अपील कोर्टाने ती रद्द केली. तिथे उपयोगी पडला तो ब्रिटिश राजसत्तेने आदिवासींशी केलेला, शिकार-मासेमारीचे हक्क मान्य करणारा १८९९ चा करार क्रमांक ८. टाक्यांतल्या ४९ टक्क्यांचा काही उपयोग झाला नाही.

कॅल्गरीकर
मूस लेकचं मान्य. पण वकिलांची फी कशातून दिली? इतकी वर्षं तेलाशी धंदा केला म्हणूनच ती माणसं कोर्टात टिकली. गरीब गाव पहिल्याच तारखेला माघारी फिरलं असतं.

वैनगंगा
पैशाने वकील मिळतो, हे मान्य. म्हणूनच पुढचं महत्त्वाचं आहे. आता मोठ्या तेल कंपन्या मिळून १६.५ अब्ज डॉलर खर्चून तेलप्रकल्पांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड ४०० किलोमीटर नळातून नेण्याचा आणि कोल्ड लेकच्या भागात जमिनीखाली गाडण्याचा बेत आखताहेत. तिथल्या फर्स्ट नेशन्सनी सविस्तर पर्यावरणीय अहवाल मागितलाय. तो आधी हातात द्या, गळती झाली तर त्याच दिवशी कळवण्याची अट करारात घाला, मग हिश्श्याचं बोला. कर्लसारखे नऊ महिने पुन्हा नकोत.

कॅल्गरीकर
अटीला माझी हरकत नाही, ती असलीच पाहिजे. अहवालाच्या नावाखाली प्रकल्प दहा वर्षं लटकवू नका, एवढंच.