जुन्या गाडीचा गंज, तळाची भोकं आणि पावसाळ्यातली गळती : तुमचे अनुभव लिहा

पाऊसवेडी
आज सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकांनी गाडीतलं जाजम काढून पार्किंगच्या कठड्यावर वाळत घातलं होतं. तो कुबट वास आला आणि थेट रत्नागिरीचं घर आठवलं. बाबांची पांढरी मारुती ८००, १९९१ चं मॉडेल.

एका पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखाली पाणी साचायला लागलं. जो येईल तो म्हणे पुढच्या काचेचं रबर गेलंय, बदला. बाबांना ते पटेना. त्यांनी जाजम आणि खालचा नमदा काढला, दादाला टॉर्च देऊन आत बसवलं आणि बाहेरून नळीने पाणी सोडलं. सुरुवात खालून. आधी दाराचा तळ, मग बिजागऱ्या, मग काचेचा खालचा कोपरा, आणि प्रत्येक ठिकाणी थांबत थांबत. वरून एकदम पाणी ओतलं की सगळीकडूनच ओघळ येतात आणि काहीच कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. काचेपाशी काही नाही. वायपरच्या खालच्या जाळीत पाणी सोडल्यावर दादा आतून ओरडला. गाडी कायम आंब्याखाली उभी, त्यामुळे मोहोर आणि पानं कुजून त्या खोबणीची पाणी जायची वाट पूर्ण बुजली होती. पाणी तिथे तुंबून जोडातून आत उतरत होतं. रबर बदलून काहीही झालं नसतं!

तोवर तळ गेलेला. बाबा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत गेले. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द वाजला तिथे टोक लावलं की आरपार, खाली अंगणातले चिरे दिसायचे. मग गावातल्या वेल्डरकाकांना बोलावलं. सीट काढली, बॅटरीच्या वायरी सोडवल्या, पेट्रोलचा पाइप तळाखालून जातो तो बाजूला घेतला, पाण्याची बादली शेजारी. चकचकीत लोखंड लागेपर्यंत पत्रा कापला, नवा तुकडा बसवला, दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग), जोडावर सीलर आणि खालून डांबरी कोट. त्या जागी पुन्हा कधी पाणी आलं नाही. बाबांनी ती गाडी पुढे खूप वर्षं वापरली.

तुमच्याकडेही असं काही असेल तर लिहा. गाडी कुठलीही चालेल.

तेरा_चौदाचा_पाना
पायाखालून रस्ता दिसणे हा प्रकार आमच्या पद्मिनीत होता. आई मागच्या सीटवर पाय वर घेऊन मांडी घालून बसायची 😄 बाकी रात्री लिहितो, दुकानात गर्दी आहे.

कोकणकन्या_७
रत्नागिरीत कुठे गं? आम्ही मारुती मंदिरापाशी.

पाऊसवेडी
@कोकणकन्या_७ अगं आम्ही पण तिथून जवळच! शिर्के हायस्कूलकडे जाताना. तू कुठल्या साली दहावीला?

डेंटरचा_मुलगा
वडील लालबागला डेंटिंगचं काम करायचे, सुट्टीत मी हाताखाली असायचो. मनापासून लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते.

गंजावर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली की काम दिसायला सुंदर होतं. गाडीवाला खूश होऊन जातो. पण लांबी ओलावा धरते, आणि आतला गंज फुगत राहतो, कारण गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी रंगाचा फुगा. वडील म्हणायचे, फुगा दिसतो त्याच्या दुप्पट तरी आत खाल्लेलं असतं, म्हणून आधी वायर ब्रश मारून हद्द शोधायची आणि मगच पैसे सांगायचे.

पत्रा बावीस गेजचा, म्हणजे पातळ. एका दमात सलग वेल्डिंग केलं तर तापून ओढतो, लाटा येतात. इथे एक टाका, मग समोरच्या बाजूला एक, गार होऊ द्यायचं, असं करत जोड पुरा करायचा. आणि रनिंग बोर्ड, म्हणजे दारांखालची पत्र्याची पट्टी, आतून पोकळ असतं. बाहेरून नवीन पत्रा मारला आणि आत काही सोडलं नाही तर वेल्डिंगने जळालेली आतली बाजू आधी सडते. वडील भोकातून पातळ ग्रीस नाहीतर तेल फवारायचे आणि मग रबरी बूच लावायचे.

जुनी गाडी घेताना खिशात लोहचुंबक ठेवा, पातळ फडक्यात गुंडाळून. चाकाच्या कमानीवर आणि दाराच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी जाड आहे.

मिरजकर_मामी
चुंबकाची युक्ती आत्ताच ह्यांना वाचून दाखवली. रविवारी पुतण्यासाठी गाडी बघायला जायचंय, फ्रिजवरचं काढून नेणार. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

डेंटरचा_मुलगा
@मिरजकर_मामी वडील आता नाहीत मामी. पण त्यांची युक्ती अजून कामाला येतेय हे वाचून फार बरं वाटलं. फ्रिजवरचं चुंबक पातळ असतं, जुन्या स्पीकरमधलं मिळालं तर ते न्या. आणि डिकीतलं जाजम उचलायला लावा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून बघा.

म्हापसेकर
आमच्याकडे ओम्नी होती. सरकत्या दाराचा खालचा रूळ, तिथे वाळू अडकते, वाळूत मीठ आणि मिठाला ओल धरायची सवय. रूळ खाऊन गेला, दार अर्ध्यात अडकायचं. पप्पा किनाऱ्यावरून आलं की गाडी वरून कधी धुवायचे नाहीत, नळी खाली घालून नुसता तळ आणि कमानी धुवायचे, साध्या गोड्या पाण्याने. शेजारी विचारायचे गाडी धुतली की नाही 🙂 त्याच गल्लीतल्या गाड्यांपेक्षा आमची कितीतरी जास्त टिकली.

दारांच्या तळाला बारीक भोकं असतात ती तारेने मोकळी करा. काचेच्या फटीतून दारात पाणी जाणारच, ते बाहेर पडायला हवं. लोक गळतं म्हणून ती भोकं एम-सीलने बुजवतात आणि मग दार आतून कुजतं.

सावली
माझ्या गाडीत डावीकडच्या सीटखाली पाणी येतं. पाऊस नसतानाही!! मेकॅनिक म्हणतो छप्पर उघडावं लागेल. कोणी सांगेल का, खूप टेन्शन आलंय.

तेरा_चौदाचा_पाना
@सावली ताई थांबा, छप्पर उघडू देऊ नका. पाऊस नाही आणि तरी पाणी, म्हणजे आधी एसी बघा. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकतं ना? ते ठिबकत नसेल तर निचऱ्याची रबरी नळी तुंबलीय आणि तेच पाणी आत येतंय. बोट लावून बघा. स्वच्छ, बिनवासाचं असेल तर एसीचं. चिकट आणि गोडसर वास असेल तर हीटरमधलं कूलंट, मग लगेच दाखवा, इंजिन तापेल. चाखून मात्र बघू नका, ते विषारी असतं.

सावली
गाडीखाली हल्ली काहीच ठिबकत नाही, खरंच! संध्याकाळी बघते. मनापासून धन्यवाद दादा 🙏

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक
२६ जुलै २००५. सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिमी झाला तो दिवस. काकांची गाडी दोन दिवस चिखलाच्या पाण्यात. नंतर सीटा बदलल्या, इंजिन उघडलं, सगळं केलं. पण रनिंग बोर्डच्या पोकळीत गेलेला गाळ कोणी काढला नाही. काही वर्षांनी जॅक लावला तर जॅकच आत घुसला. गाडी तिथेच बसली. नशीब, खाली कोणी नव्हतं.

२०२१ ला चिपळूणच्या पुरानंतर भावाच्या गाडीचं काम निघालं तेव्हा काकांनी स्वतः उभं राहून सगळी बुचं काढायला लावली, प्रेशरचं पाणी मारलं आणि गाळ संपून स्वच्छ पाणी येईपर्यंत कोणाला हलू दिलं नाही. पुरातल्या गाडीला हे कराच.

कोकणकन्या_७
चिपळूणच्या पुराचं नाव काढलं की अजून पोटात गोळा येतो. मावशीचं घर बाजारपेठेत. गाडीचं सोडा, सगळे अल्बम गेले.

पाऊसवेडी
@कोकणकन्या_७ 😔 मावशी कशा आहेत आता?

लीड्सहून_अण्णा
इकडे इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गंज हा घरोघरचा विषय. दरवर्षीच्या एमओटी तपासणीत सीटबेल्ट, सस्पेन्शन असे भाग जिथे बसवलेत त्यापासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा जास्त सडलेला असेल तर गाडी नापास. तिथे फायबर, पुट्टी चालत नाही, लोखंडच वेल्ड करावं लागतं. मला हा नियम फार योग्य वाटतो. अपघातात सीटबेल्टचा सगळा जोर त्याच पत्र्यावर येतो.

आपल्याकडे हे कोणी मोजत नसलं तरी स्वतःपुरतं पाळावं. डिकीच्या तळाला रुपयाएवढं भोक असेल तर फायबर कापड आणि रेझिन खुशाल लावा. सीटबेल्टच्या बोल्टाजवळ नको.

घाटावरचा
टाकीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. कराडच्या पुढे गाडीत पेट्रोलचा वास. खाली बघितलं तर टाकीच्या पट्ट्याखाली गंजून थेंब थेंब गळतंय. पट्ट्यात माती अडकून ओल राहते, हमखास तिथेच जाते. धाब्यावरच्या माणसाने कपडे धुवायचा साबण आणून गळतीवर घासून दाबला. थांबली! पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. तेवढ्यावर सावकाश कोल्हापूर गाठलं.

पण खरं सांगायचंय ते पुढे. तिथे एकाने "टाकी रिकामी करा, लगेच वेल्ड मारून देतो" म्हटलं. वडिलांनी हात जोडून गाडी काढली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, आत पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते. ठिणगी पडली की स्फोट. नवी टाकी घ्या, नाहीतर रेडिएटरवाले व्यवस्थित धुऊन, वाफ देऊन करतात त्यांच्याकडे द्या. इथे चार पैसे वाचवू नका, कळकळीची विनंती.

मिरजकर_मामी
बाई गं, अंगावर काटा आला. वडील शहाणे होते हो.

पेठेतला
पंधरा वर्षं झाली, रिपासिंगला (नोंदणी वाढवायला) न्यायचीय. पाच वर्षांचं मिळेल, ग्रीन टॅक्स भरायची तयारी आहे. तळ आधी करून घेऊ का नंतर?

डेंटरचा_मुलगा
@पेठेतला आधीच. आणि खालचा डांबरी कोट शेवटी, वेल्डिंग सगळं संपल्यावर. ताज्या कोटावर वेल्डिंग केलं तर पेटतो. कोट मारायच्या आधी तळ पूर्ण कोरडा हवा, म्हणून पावसाळ्यात करू नका, दिवाळीनंतर घ्या.

तेरा_चौदाचा_पाना
दुकान बंद केलं. आता पद्मिनीचं सविस्तर लिहायला बसलो तर आईचा फोन, "आपल्या गाडीचं लिहितोयस तर तिचा रंग पिस्ता होता हे लिही." लिहिलं आई.

तिच्या दारांची रबरी बीडिंग हवी आहे, जुनी पार दगड झालीय. कुठे मिळेल?

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक
कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारा. जुना तुकडा कापून सोबत न्या, नुसतं गाडीचं नाव सांगून भलतंच रबर गळ्यात मारतात.

पेठेतला
पुण्यात असाल तर नाना पेठेतही बघा. सुट्टीचा वार आधी विचारून जा.

सावली
एसीची नळीच होती!!! खालून तार घातली तर चिखलाचा बोळा आणि मग धो धो पाणी. जाजम आता गच्चीत टाकलंय. ते आतून पूर्ण सुकायला किती दिवस लागतात हो?