जुन्या पायथन कोडवर रफचा फिक्स एका दमात चालवावा की नाही?

कृष्णाकाठ, सांगली
समजा हळदीच्या अडत दुकानाची पट्टी काढणारं सॉफ्टवेअर आहे. पायथनमधलं, आठ-दहा वर्षं जुनं, चार जणांच्या हातून गेलेलं. कुणी टॅब वापरलेत, कुणी स्पेस. इम्पोर्ट वाट्टेल तिथे. माझं स्पष्ट मत आहे की रफ, म्हणजे पायथन कोडमधल्या चुका शोधणारं आणि मांडणी सुधारणारं हत्यार, अख्ख्या कोडवर एकदाच फिरवा आणि मोकळे व्हा. जमेल तशी एकेक फाईल करत बसलात, तर दोन ओळींच्या बदलात ऐंशी ओळींची साफसफाई मिसळते आणि तपासणाऱ्याला खरा बदल दिसत नाही.

आधी 'रफ चेक --स्टॅटिस्टिक्स' चालवून कोणत्या नियमाच्या किती चुका आहेत ते बघा. मग 'रफ फॉरमॅट .' आणि गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं हत्यार) त्याचा वेगळा कमिट, म्हणजे नोंद. त्यानंतर चुका आपोआप दुरुस्त करणारा 'रफ चेक --फिक्स', त्याचाही वेगळाच. दोन्ही कमिटचे पूर्ण ४० अक्षरी हॅश (ओळखखूण) '.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ज' फाईलमध्ये टाका आणि गिटच्या 'ब्लेम.इग्नोररेव्जफाईल' सेटिंगला ती फाईल दाखवा. गिट २.२३ किंवा पुढचं हवं. मग ब्लेममध्ये, म्हणजे कोणती ओळ कुणाची हे दाखवणाऱ्या यादीत, ज्यानं ओळ खरी लिहिली त्याचंच नाव दिसतं.

अजिंक्यताऱ्याखाली, सातारा
फॉरमॅटपर्यंत मान्य. दुसऱ्या कमिटला माझा ठाम विरोध. फॉरमॅट नुसती मांडणी बदलतो, फिक्स कोड बदलतो. या दोन गोष्टी एका दावणीला बांधू नका.

एफ४०१ घ्या, म्हणजे न वापरलेला इम्पोर्ट. रफ एका वेळी एकच फाईल बघतो. 'हेल्पर्स' फाईलमध्ये एखादं नाव फक्त इम्पोर्ट केलंय आणि बाकीच्या फायली ते तिथून उचलतात, हे त्याला कळायला मार्गच नाही. तो ओळ उडवतो आणि दुसरीच फाईल इम्पोर्टएरर देते. हे निदान लगेच दिसतं. एसक्यूएलअल्केमी या डेटाबेस लायब्ररीची मॉडेलं टेबलांची नोंद व्हावी एवढ्यासाठीच इम्पोर्ट केलेली असतात, नाव पुढे कुठे येतच नाही. ती ओळ गेली की टेबलं तयार करणारं 'क्रिएट_ऑल' पळताना ते टेबल यादीत नसतं. जुन्या गिऱ्हाइकाकडे टेबल आधीच तयार असल्यानं काहीच जाणवत नाही. नव्या दुकानात बसवायला गेलात की बोंब.

कृष्णाकाठ, सांगली
म्हणून हत्यारच टाकून द्यायचं का? अशा फायली 'पर-फाईल-इग्नोअर्स'मध्ये (फाईलवार नियम वगळायची यादी) घाला, नाहीतर त्या ओळीवर 'नोक्यूए: एफ४०१' लिहा, म्हणजे रफ ती ओळ सोडून देतो. आणि रफ धोक्याचे फिक्स आपणहून करतच नाही, '--अनसेफ-फिक्सेस' वेगळं द्यावं लागतं. '__इनिट__' फाईलमधला इम्पोर्ट काढणंही तो अनसेफच धरतो.

यार्डातला, सांगली
'सेफ' या शिक्क्यावर फार विसंबू नका. वर सांगितलेलं हेल्पर्सचं प्रकरण रफच्या लेखी सेफच आहे.

अनसेफमधला ई७११ हा नियम तर हटकून गाळात घालतो. 'रद्द_तारीख == नन' (नन म्हणजे काहीच नाही) असं लिहिलं की तो '== नन' काढून 'इज नन' करतो. साध्या पायथनमध्ये हे बरोबरच. पण एसक्यूएलअल्केमीच्या फिल्टरमध्ये '==' मधून एसक्यूएलची अट तयार होते; 'इज' लावलं की पायथन तिथल्या तिथे 'फॉल्स' काढून मोकळा. क्वेरी चालते, एरर नाही, एकही ओळ येत नाही. म्हणजे रद्द न झालेल्या पट्ट्यांची यादी कोरी! आणि हा नियम डिफॉल्ट यादीत आहे, मुद्दाम चालू करावा लागत नाही. आधी कोडमध्ये '== नन' शोधा, क्वेरीतले सगळे हातानं '.इज_(नन)' करा, मगच ई७११ ला हात लावा. ई७१२ मध्ये '== ट्रू'चंही असंच.

जाता जाता: आरयूएफ००१ चालू केलात तर स्ट्रिंगमधला एकटा देवनागरी '०' बघून रफ विचारतो, तुम्हाला इंग्रजी 'ओ' म्हणायचंय का? मराठी पावत्या छापणाऱ्यांनी तो 'अलाउड-कन्फ्युजेबल्स'मध्ये टाकून द्यावा.

कंदीपेढा, सातारा
मी तर म्हणतो फॉरमॅटही नको. टेस्ट नसलेला, रोज पैसे मोजणारा कोड आहे हा. 'रफ चेक --अ‍ॅड-नोक्यूए' चालवा, आहे त्या सगळ्या चुकांवर खूण बसते आणि चेक हिरवा होतो. इथून पुढे नवीन चूक आली तरच अडवायचं. जुनं जिथं हात लागेल तिथं सुधारेल. आणि चार जणांच्या ब्रँच, म्हणजे कामाच्या वेगळ्या शाखा, अर्धवट असताना तुम्ही सगळ्या फायली हलवल्या, तर मर्जचे, म्हणजे शाखा जोडतानाचे, कॉन्फ्लिक्ट कोण सोडवणार?

कृष्णाकाठ, सांगली
ब्रँचवर उपाय आहे. फॉरमॅटच्या अगदी आधीचा कमिट तुमच्या ब्रँचमध्ये मर्ज करा. ब्रँचवर त्याच आवृत्तीचा, त्याच सेटिंगचा 'रफ फॉरमॅट' चालवून कमिट करा. मग फॉरमॅटचा कमिट 'गिट मर्ज -एस अवर्स'नं, म्हणजे आपलीच बाजू ठेवून, घ्या. तुमच्याकडे तो बदल आधीच झालेला असतो, म्हणून कॉन्फ्लिक्ट येत नाही. पुढचं नेहमीसारखं मर्ज. फक्त '-एस अवर्स' त्या एकाच कमिटला लावायचं, मेन या मुख्य ब्रँचच्या टोकाला लावलंत तर दुसऱ्यांचं काम गुपचूप गळतं.

नोक्यूएचं म्हणाल तर हजारभर ओळींना शेपट्या लावून काय साधलं? खरी चूक आणि मुद्दाम ठेवलेली ओळ, दोन्ही सारख्याच दिसायला लागतात.

कंदीपेढा, सातारा
शेपट्या निघतात की. चूक दुरुस्त झाली की आरयूएफ१०० ती निकामी खूण दाखवतो आणि फिक्स दिला तर काढूनही टाकतो. बरं, फॉरमॅटनं अर्थ बदलला नाही याची खात्री कशी करणार? ब्लॅक हा दुसरा फॉरमॅटर निदान फॉरमॅटनंतर आधीचं आणि नंतरचं एएसटी (कोडच्या रचनेचं झाड) जुळवून बघतो. रफ ते करत नाही.

अजिंक्यताऱ्याखाली, सातारा
स्वतः करा, दहा-पंधरा ओळींचं काम आहे. दोन्ही आवृत्त्यांवर 'एएसटी.पार्स' आणि 'एएसटी.डम्प', मग तुलना. ओळींचे आकडे डम्पमध्ये डिफॉल्टनं येतच नाहीत. फरक आला तर बहुतेक डॉकस्ट्रिंगमधल्या मोकळ्या जागेचा असतो, तो डोळ्यानं बघून सोडायचा.

मिरज जंक्शन
मूळ मुद्दा कुणीच काढला नाही. रफची आवृत्ती 'रिक्वायर्ड-व्हर्जन'नं बांधा, नाहीतर एकाच्या मशीनवर हिरवं आणि दुसऱ्याच्या लाल. गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर पायथन ३.८ असेल तर 'टार्गेट-व्हर्जन' पीवाय३८ लिहाच. न लिहिता यूपी नियम (जुनं लिखाण नव्या पायथनसारखं करणारे) चालू केलेत तर टायपिंगमधल्या 'लिस्ट'चं साधं 'लिस्ट[इंट]' होतं आणि ३.८ वर फंक्शन लोड होतानाच टाईपएरर. आणि सीआयमध्ये, म्हणजे कोड चढवल्यावर आपोआप होणाऱ्या तपासणीत, '--फिक्स' अजिबात देऊ नका. सगळं दुरुस्त झालं की तो ०, अर्थात 'यशस्वी', परत करतो, म्हणजे चुकीचा कोड आला तरी तपासणी पास. तिथे नुसतं 'रफ चेक' आणि 'रफ फॉरमॅट --चेक'. प्री-कमिट, म्हणजे कमिटआधीची तपासणी, '--नो-व्हेरिफाय'नं कुणीही ओलांडतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

अजिंक्यताऱ्याखाली, सातारा
कृष्णाकाठ, फिक्स करायचाच तर एकेक नियम घ्या. 'रफ चेक --सिलेक्ट एफ५४१ --डिफ' बघा, पटलं तर '--फिक्स', एक कमिट, पुढचा नियम. आत भरायची जागाच नसलेले एफ-स्ट्रिंग (एफ५४१) आधी, इम्पोर्ट सगळ्यात शेवटी. बिघडलं तर तेवढाच कमिट रिव्हर्ट होतो.

कृष्णाकाठ, सांगली
नियमागणिक कमिट चालेल. पण ते पंधरवड्यात संपवायचं, वर्षभर रेंगाळत नाही.

यार्डातला, सांगली
तो पंधरवडा पावसाळ्यात धरा. फेब्रुवारी ते मे हळदीचे सौदे जोरात, त्यात मार्चअखेर. तेव्हा सर्व्हरवर काहीच चढवायचं नाही, सेफही नाही.

कंदीपेढा, सातारा
पावसाळ्यात फॉरमॅट करा, एएसटी जुळवून दाखवा, माझी हरकत नाही. एफ४०१ ला मात्र मी नोक्यूएच लावणार.