ऑनलाइन गेम्सचा इतिहास चालवून दाखवायचाय, काय काय मांडू?

विश्रामबागकर: सांगलीत आमच्या डिप्लोमा कॉलेजच्या प्रदर्शनात ऑनलाइन गेम्सचा इतिहास मांडायचा आहे. पोस्टर कुणी वाचत नाही, म्हणून जुने गेम मुलांच्या हातात द्यायचेत. 4 जुने पीसी आहेत (4 जीबी रॅम), पीसी एकमेकांना जोडायचा 8 पोर्टचा नेटवर्क स्विच आहे, हॉलमध्ये इंटरनेट जवळपास नाहीच. पब्जीच्या आधीचं मुलांना फारसं माहीत नाही. कोणते गेम घेऊ?

कोयनाकाठ (कराड): सर, सनावळी मांडण्यापेक्षा एकच प्रश्न धरा: तारेतला उशीर गेमवाल्यांनी कसा झाकला? त्यावर तीन टेबलं पुरतात.

पहिलं मड, म्हणजे 'मल्टी-यूजर डंजन'. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने पीडीपी-10 या मोठ्या संगणकावर सुरू केलं, रिचर्ड बार्टलने पुढे वाढवलं. सगळा खेळ मजकुराचा. "उत्तरेला जा" असं टाइप करायचं. अर्धा सेकंद उशीर झाला तरी कुणाचं बिघडत नाही.

दुसरं डूम, 1993 चा गोळीबाराचा गेम. इथे प्रत्येक पीसी सेकंदाला 35 वेळा सगळा खेळ स्वतः मोजतो, तारेतून फक्त खेळाडूंच्या हालचालींच्या आज्ञा जातात. म्हणून एक पीसी मागे पडला की चौघेही थांबतात. 'चॉकलेट डूम' (आजच्या पीसीवर डूम चालवणारा मोफत प्रोग्राम) आणि मोफत वाटायला परवानगी असलेली शेअरवेअर फाइल घ्या. चारही पीसींवर तीच फाइल, तीच आवृत्ती हवी, नाहीतर खेळ सुरू होतानाच इशारा येतो. खेळ रंगात असताना एकाची केबल काढून दाखवा. सगळे पडदे गोठतात आणि पोरांना मुद्दा न सांगता कळतो.

तिसरं क्वेक, 1996. यात निर्णय सर्व्हर, म्हणजे मधला एकच पीसी, घेतो, त्यामुळे एक अडला तरी बाकीचे खेळतात. पण मोडेमवर बटण दाबल्यावर पाऊल उशिरा पडायचं. त्याच डिसेंबरात आलेल्या 'क्वेकवर्ल्ड' या सुधारित आवृत्तीत क्वेकचा प्रोग्रामर जॉन कारमॅकने उपाय केला: सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता तुमचा पीसी तुम्हाला आधीच पुढे सरकवतो, चुकलं तर मागून दुरुस्त करतो. सर्व्हर लिनक्सवर ठेवा आणि 'टीसी' (tc) या नेटवर्कच्या आज्ञेतल्या 'नेटएम'ने (netem) मुद्दाम 200 मिलिसेकंद उशीर घाला. मग शेजारच्या दोन पीसींपैकी एकावर 'सीएल नोप्रेड' (cl_nopred, आधीच पुढे सरकवणं बंद करणारी सेटिंग) 1 करा. एकाच खेळात एकाला चिखलातून चालल्यासारखं वाटेल, दुसऱ्याला सुरळीत. माझ्या मते अख्ख्या प्रदर्शनात हेच बघण्यासारखं आहे, याला सगळ्यात मोठं टेबल द्या.

तारजोड (मिरज): वायफायवर अजिबात करू नका. हॉलभर मोबाइल असले की 2.4 गिगाहर्ट्झवर उशीर सारखा वरखाली होतो, मग तुमचे मोजून घातलेले 200 मिलिसेकंद काय कामाचे? कॅट 5ई नेटवर्क केबल घ्या. प्रत्येक पीसीचा आयपी पत्ता हाताने द्या: 192.168.1.11 ते 14, सबनेट 255.255.255.0, गेटवे रिकामा. विंडोजमध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' करा आणि फायरवॉलमध्ये गेमला परवानगी द्या. गेम यूडीपी या वेगळ्या पद्धतीने माहिती पाठवतात, त्यामुळे पिंग (जोडणीची साधी चाचणी) लागूनही गेम जोडला जात नाही असं होतं.

केबलच्या टोकाला प्लग स्वतः बसवणार (क्रिंप करणार) असाल तर क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी प्लगच्या 3 आणि 6 नंबरच्या पिनवरच हवी. शेजारी-शेजारी 3-4 वर घातली तर साध्या टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण जोडीचा पीळ मोडल्याने पॅकेट (माहितीचे तुकडे) गळतात. मग बिचारा गेम बदनाम होतो.

विश्रामबागकर: दोघांचे आभार. मडचं टेबल मराठीत करता येईल का? आयर्विन पूल, गणपती मंदिर, कृष्णेचा घाट अशा खोल्या डोक्यात आहेत. आणि मुलं हमखास विचारणार, "भिंतीआड गेलो तरी कसा मेलो?"

कोयनाकाठ (कराड): मराठीत होतं. मड बनवायचं पायथॉनवरचं 'एव्हेनिया' आदल्या दिवशीच नेट असताना टाकून ठेवा, नंतर नेट लागत नाही. टेलनेट (जुन्या पद्धतीने मजकुरातून जोडायचा प्रोग्राम) खिडकीत मात्र देवनागरी दाखवू नका, बऱ्याच ठिकाणी काना-मात्रा सुटतात. ब्राउझरमधून 4001 पोर्टवर उघडा, अक्षर नीट दिसतं. आज्ञा लहान ठेवा, "उ", "द", "बघ" अशा. मराठी टायपिंगची सवय सगळ्यांना नसते.

भिंतीचं उत्तर हाफ-लाइफच्या इंजिनात आहे, ज्यावर काउंटर-स्ट्राइक उभं राहिलं. गोळी सुटली की सर्व्हर घड्याळ थोडं मागे नेतो आणि मारणाऱ्याच्या पडद्यावर तेव्हा तुम्ही कुठे होतात ते बघतो. त्याच्या पडद्यावर तुम्ही अजून उघड्यावर होतात. हे नसतं तर पिंग (जाऊन-येऊन लागणारा उशीर) जास्त असलेल्याला प्रत्येक वेळी माणसाच्या पुढे अंदाजाने नेम धरावा लागला असता.

तारजोड (मिरज): पिंगचा एक आकडाही लावा. फायबरमध्ये प्रकाश 1 मिलिसेकंदात साधारण 200 किमी जातो. सांगली-मुंबई तार 400 किमी धरली तर जाऊन-येऊन 4 मिलिसेकंद. मोबाइलवर त्याच्या कितीतरी पट दिसतं, ते टॉवरपाशी थांबण्यात आणि वळणावळणाच्या मार्गात जातं. आणि स्विच यूपीएसवर घ्या. लाइट गेली तर पीसीआधी तोच बंद पडायला नको.