मदत हवी आहे: 'पेशींचं वय कमी करणारं' आयुर्वेदिक रसायन घेऊन नानांना तरतरी आलीये, पण मला धाकधूक वाटतेय (इंदूर)

पोहेजिरावन | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. मी इथे नुसती वाचते, लिहीत फारशी नाही. आज मात्र विचारावंच लागतंय.

माझे वडील, नाना, वय ६९. इंदूरला सुदामा नगरात आमच्याकडेच असतात. पंधरा वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे (थायरॉक्सिन ७५), आठ वर्षांपासून शुगरसाठी मेटफॉर्मिन. एरवी माणूस ठणठणीत. जन्मभर हिशेबाचं काम केलंय, त्यामुळे दुधाच्या पैशांचीसुद्धा वही आहे. आणि डोक्यात एकच खूळ: सत्तरी ओलांडायच्या आत ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमा उचलायची, तीही पायी.

चार महिन्यांपूर्वी त्यांच्या फिरायच्या बगीच्यात एक 'मोफत शिबिर' लागलं. नाडी पाहिली, रक्त घेतलं, आणि पंधरा दिवसांनी एक गुळगुळीत फाइल घरी आली. वर ठळक अक्षरांत 'आपकी कोशिकीय आयु: ७८ वर्ष'. नाना दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग सहा महिन्यांचा कोर्स घेतला, ३८,५०० रुपये. एक एफडी मोडली आणि आम्हाला नंतर सांगितलं.

कोर्समध्ये तीन गोष्टी आहेत. एक अवलेह, च्यवनप्राशासारखाच लागतो. अश्वगंधाच्या कॅप्सूल, दिवसाला चार. आणि कागदाच्या छोट्या पुड्या, रोज एक, मधातून. मी काल एक पुडी पांढऱ्या बशीत उघडून पाहिली. चिमूटभर काळपट लाल भुकटी, वास काहीच नाही. बोटाने चोळली तर बोटाच्या रेषांमध्ये अशी जाऊन बसली की दोनदा साबण लावला तेव्हा निघाली. पुडीवर ना नाव, ना बॅच नंबर, ना तारीख.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त घेतलं. या वेळी वय आलं ७१! नानांनी बगीच्यातल्या सगळ्या मंडळींना पोहे-जलेबी खिलवली. आणि खरं सांगते, फरक दिसतोय. पहाटे साडेतीनला उठतात, दोन फेऱ्या जास्त मारतात. वजन ७१ वरून ६६ वर आलंय, पट्ट्याला नवीन भोक पाडलं. कार्तिक सरला तरी पंखा लागतो. म्हणतात, अंगात पुन्हा ऊब आली. बगीच्यातले लोक 'क्या बात है भिया' करतात. फक्त चहाची कपबशी हातात घेतली की वाजते, ते काही मला बरं दिसत नाही.

पुण्याचा भाऊ म्हणतो, खूश आहेत ना, राहू दे. तर मला विचारायचंय: फाइलमध्ये हे वय रक्तपेशींतल्या 'टेलोमियर'च्या लांबीवरून काढलंय म्हणे, ते टेलोमियर प्रकरण खरं आहे का? त्यांच्या गोळ्यांबरोबर हे चालतं का? आणि नसेल चालत, तर नानांना सांगायचं कसं?

रामबागवाला | सोमवार, रात्री ११:२०

ताई, घाबरू नका. आमच्या घरी तीन पिढ्या आवळा, हरडा, गुळवेल चालू आहे. आजोबा ९१ व्या वर्षापर्यंत राजवाड्यापर्यंत चालत जाऊन यायचे. च्यवन ऋषींची गोष्ट काही उगाच नाही. फायदा दिसतोय तर बंद कशाला करता?

सरळसांगतो | सोमवार, रात्री ११:४१

थोतांड आहे सगळं. ३८,५०० पाण्यात. सोनाराकडे गेला असता तर निदान अंगठी तरी मिळाली असती.

पोहेजिरावन | सोमवार, रात्री ११:५५

दोघांनाही विनंती, आयुर्वेद खरा की खोटा हे भांडण इथे नको. त्यासाठी वेगळे धागे शेकड्याने आहेत. मला नानांचं विचारायचंय.

नळावरचीगर्दी | मंगळवार, सकाळी ६:३५

पोहेजिरावन, टेलोमियर वगैरे राहू दे बाजूला. तुझी पोस्ट पुन्हा वाच. वजन उतरलं, झोप उडाली, उकडतं, हात थरथरतात. हे तारुण्य नव्हे गं, माझी कहाणी आहे ही! माझा थायरॉक्सिनचा डोस जास्त झाला होता तेव्हा अगदी असंच व्हायचं. मीही पहाटे चारला उठून माळे साफ करत होते आणि नवरा कौतुक करत होता. मग एक दिवस जिना चढताना छातीत असं धडधडलं की तिथेच बसले.

आज सकाळीच रक्त द्यायला ने. थायरॉइडच्या तपासण्या: टीएसएच, टी-३, टी-४. (अंगात थायरॉइड जास्त झालं की टीएसएच उतरतो.) आणि शांत बसलेले असताना मनगटावर एक मिनिट नाडी मोज, घड्याळ लावून. नंतर इथे लिही. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नकोस, डॉक्टरांना फोन कर.

पोहेजिरावन | मंगळवार, सकाळी ७:१०

नाडी १०६. नाना पेपर वाचत बसले होते. निघतोय.

टेस्टट्यूब | मंगळवार, दुपारी १:१५

प्रयोगशाळेत काम करतो, टेलोमियरबद्दल थोडं लिहितो. बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिकची नळी असते ना, तसं गुणसूत्राच्या टोकाला टेलोमियर. पेशी विभागली की ते थोडं झिजतं. फार झिजलं की पेशी विभागायचं थांबवते. माणसाच्या पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात हे हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं. झीज भरून काढणारं विकर (एन्झाइम) म्हणजे टेलोमरेज. या सगळ्या कामासाठी ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं. तेव्हा विषय खरा आहे. फाइल खोटी वाटते.

का, ते हिशेबाने सांगतो. प्रौढ माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे टेलोमियर काही हजार बेस पेअर (डीएनएच्या साखळीतल्या जोड्या) लांब असतात, ६,००० धरा. झीज वर्षाला साधारण २०-३०. म्हणजे तीन महिन्यांत सात-आठ. मोजणीतली चूक चांगल्या ठिकाणीही काही टक्के असते. ३ टक्के धरले तरी १८० झाले. जिथे १८० ची चूक आहे, तिथे सात-आठचा फरक कसा दिसणार? शिवाय एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांची लांबी खूप वेगळी असू शकते. त्यावरून '७८ वर्ष' काढणं म्हणजे बुटाचा नंबर पाहून पगार सांगणं.

दुसरं. टेलोमरेज वाढलं म्हणजे चांगलंच झालं, असं नाही. कर्करोगाच्या ८५ ते ९० टक्के गाठींमध्ये हेच विकर जागं झालेलं असतं. अश्वगंधाने टेलोमरेज वाढल्याचा जो प्रयोग जाहिरातवाले मिरवतात, तो हेला पेशींवर झालेला आहे. हेला म्हणजे मुळात कर्करोगाच्याच पेशी. हे कोणी शिबिरात सांगत नाही.

आणि त्या पुडीबद्दल: २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती. साधारण दर पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा अर्सेनिक निघालं. धातू घालून केलेल्या रसौषधींमध्ये तर ४० टक्क्यांच्या आसपास.

वैद्य_बडोदे | मंगळवार, रात्री ९:०५

मी वडोदऱ्यात १९ वर्षं प्रॅक्टिस करतो. 'बोटाच्या रेषांमध्ये जाऊन बसली' हे तुम्ही लिहिलंत म्हणून लिहायला बसलो. भस्म नीट झालं की नाही हे पाहायची आमची जुनी परीक्षाच आहे ती, रेखापूर्णत्व म्हणतात. तेव्हा ही बहुतेक साधी वनस्पतीची पूड नसावी, एखादं भस्म किंवा रसौषधी असावी. अशी गोष्ट नाव, बॅच आणि परवाना नंबर नसलेल्या पुडीतून देणं, हे मला वैद्य म्हणून लाजिरवाणं वाटतं. टेस्टट्यूब यांनी दिलेले आकडे आम्हा लोकांना टोचतात, पण ते खरे आहेत.

अश्वगंधाचं सांगतो. थायरॉइड थोडं कमी असलेल्या ५० जणांवर एक चाचणी झाली, रोज ६०० मिलिग्रॅम, आठ आठवडे. त्यात थायरॉइडची पातळी वाढली, टीएसएच उतरला. ज्याला गोळी चालू नाही, त्याच्यासाठी कदाचित चांगलं. पण ज्याचा डोस ७५ वर बसवलेला आहे, त्याच्या अंगावर हे वरून ओतल्यासारखं झालं. शुगरही उतरू शकते, तेही मोजा.

आता रसायनाचं, म्हणजे म्हातारपण लांबवायच्या औषधांचं. चरकसंहितेचं चिकित्सास्थान सुरूच होतं रसायनापासून, च्यवनप्राशही तिथलाच, ५०० आवळे घेऊन करायचा. त्यामुळे रामबागवाले म्हणतात ते अगदी हवेतलं नाही. पण 'अष्टांगहृदय' लिहिणाऱ्या वाग्भटाने घातलेल्या अटी कोणी वाचत नाही. रसायन द्यावं ते पूर्ववयात किंवा मध्यम वयात, आणि आधी शरीराची शुद्धी करून. अशुद्ध शरीरात दिलेलं रसायन म्हणजे मळक्या कापडावर चढवलेला रंग, असं तो म्हणतो. बगीच्यात खुर्ची टाकून ६९ वर्षांच्या माणसाला सरसकट एकच खोकं देणं यात कुठे बसतं?

संशोधन अजिबात नाही असंही नाही. आमलकी (आवळ्याच्या) रसायनावर ४५ ते ६० वयाच्या लोकांमध्ये ४५ दिवसांचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला. रक्तपेशींत टेलोमरेजची क्रिया वाढलेली दिसली. टेलोमियरच्या लांबीत मात्र म्हणण्याजोगा फरक नव्हता. बनारसला लाखोटिया यांच्या प्रयोगशाळेत हेच रसायन फळमाशांना देऊन पाहिलंय. काम चांगलं आहे, सुरुवातीचं आहे. यातून 'सात वर्षं कमी' कुठून आलं ते त्या फाइलवाल्यांनाच विचारा.

सरळसांगतो | मंगळवार, रात्री ९:३०

म्हणजे माश्यांची परिक्रमा नक्की. (वैद्यबुवा, पोस्ट आवडली. काल जरा जास्त बोललो.)

पोहेजिरावन | गुरुवार, रात्री ९:४५

रिपोर्ट आला. टीएसएच ०.०४, खालची मर्यादा ०.४ च्या आसपास असते म्हणे. टी-४ वाढलेलं. ईसीजी ठीक आहे, फक्त ठोके जलद. लिव्हरही ठीक. डॉक्टरांनी कॅप्सूल आणि पुड्या त्याच मिनिटाला बंद करायला सांगितल्या, थायरॉक्सिनचा डोस स्वतः बदलून दिला, सहा आठवड्यांनी परत तपासणी. रक्तातलं शिसं बघायलाही नमुना पाठवलाय. नळावरचीगर्दी, तुला भेटले ना तर सराफ्यात भुट्ट्याचा कीस नक्की.

नानांना सांगणं सोपं नव्हतं. थायरॉइडचं सांगितलं तर म्हणाले, 'डॉक्टर लोकांना आयुर्वेद खुपतो.' वैद्यांचं मळक्या कापडाचं वाचून दाखवलं, तेव्हा गप्प झाले पण ऐकलं नाही. शेवटी टेस्टट्यूब यांची पोस्टच पुढे ठेवली. वही काढली. ६,०००, त्याचे ३ टक्के, १८०. खाली ३० भागिले ४. पेन्सिल थोडा वेळ तशीच धरून बसले, मग म्हणाले, 'हे तर ऑडिटला पण सापडणार नाही.' फाइल मिटवून कपाटावर टाकली.

रात्री जेवताना एकदम म्हणाले, 'पण चालत होतो मी, खोटं नव्हतं ते.' मला काही बोलता आलं नाही. भाऊ फोनवर होता, तोही गप्प.

शिबिरवाल्यांना फोन केला. 'पुड्या उघडल्या असतील तर परत घेत नाही' आणि 'असर उतरने में टाइम लगता है'. बिल मागितलं तर साध्या कागदावर शिक्का मारलेली पावती. पुढे काय करायचं?

वैद्य_बडोदे | गुरुवार, रात्री १०:२०

उरलेल्या पुड्या फेकू नका. न उघडलेल्या चार-पाच एका डब्यात, पावती आणि फाइलबरोबर ठेवा. राज्याच्या आयुष विभागात औषध परवाना अधिकारी असतो, त्याच्याकडे लेखी तक्रार करा. औषधाने झालेला त्रास नोंदवायची आयुषची वेगळी व्यवस्था २०१८ पासून आहे. तुमच्याकडे लोकमान्य नगरला अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे ही नोंद कुठे करायची ते विचारा, आणि नानांची प्रकृतीही नीट दाखवून घ्या. ॲलोपॅथीच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या, लपवू नका. पुष्कळ लोक लपवतात.

टेस्टट्यूब | गुरुवार, रात्री १०:४८

परिक्रमेचं: ठोके जागेवर आले, टीएसएच बसला, की डॉक्टरांनाच विचारा. चालणं सोडायचं काही कारण दिसत नाही, आत्ता फक्त वेग कमी.

पोहेजिरावन | रविवार, सकाळी ११:०५

शिशाचा रिपोर्ट अजून यायचाय. नाडी आज ८८. तक्रार लिहिली, नानांच्याच अक्षरात, तीन पानं, खाली रकमेची बेरीज.

एक शेवटचा प्रश्न, माझा नाही, त्यांचा. काल मंडीतून तीन किलो आवळे घेऊन आलेत. वैद्यांनी आमलकी रसायन लिहिलं ते डोक्यात बसलंय. आवळ्याच्या पुडीला आवळ्याच्याच रसाच्या २१ भावना देतात ना? विचारतायत की हे घरी होतं का, आणि लोखंडी कढई चालेल का.

वैद्य_बडोदे | रविवार, सकाळी ११:४०

लोखंडी नको, आवळा काळा पडेल. दगडी खल असेल तर उत्तम, नाहीतर काच. एक भावना म्हणजे पूड रसात भिजवायची, घोटायची, पूर्ण सुकवायची, मग दुसरी. २१ ला महिना सहज जाईल, आणि ऊन चांगलं लागतं. पण घ्यायला सुरुवात सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर, आणि शुगर असल्यामुळे मध माझ्याशी किंवा तिथल्या वैद्यांशी बोलून. तोपर्यंत घोटत राहू द्या.

पोहेजिरावन | रविवार, सकाळी ११:५२

खल सापडला, आजीचा, माळ्यावर होता. वहीत १ ते २१ रकाने पाडून झालेत.